दोन छोटे भोंगे

ठमीने तीन दिवसांची रजा टाकली तेव्हा अर्जात कारण लिहिलं ‘घरगुती काम’, आणि ते खोटं नव्हतं. काकू जाऊन दीड वर्ष झालं होतं. घरात तिचे फोटो होते, पण कॅमेरा समोर आला की ती खांबासारखी ताठ व्हायची, त्यामुळे फोटोंत ती होती म्हणायची एवढंच. हलणारी काकू सगळ्या जगात एकाच ठिकाणी उरली होती: बंदरावरच्या प्रशिक्षण केंद्राच्या मागच्या खोलीत, एका बंद पडलेल्या जुन्या मशीनमध्ये. आणि शुक्रवारी दुपारी ती खोली रिकामी व्हायची होती.

ठमी हे काही तिचं खरं नाव नव्हे. चौतीस वर्षांच्या, दोनशे सर्व्हर सांभाळणाऱ्या बाईला कुणी ठमी म्हणावं असं तिच्यात काही उरलंही नव्हतं. पण सातव्या वर्षी ती शाळेसाठी काका-काकूंकडे राहायला आली, तेव्हा गाल इतके वर आलेले की हसली की डोळे दिसेनासे व्हायचे. काकांनी दारातच नाव ठेवलं, ते चिकटलं ते चिकटलं.

काका क्रेन चालवायचे. एकशे बेचाळीस पायऱ्यांची शिडी चढून केबिनमध्ये बसायचं आणि जहाजातला माल उचलून धक्क्यावर ठेवायचा. काकू खाली धक्क्यावर उभी राहून हातांनी इशारे द्यायची: उचल, सोड, डावीकडे, हळू, थांब. वरच्या माणसाला क्रेनच्या लोखंडी आकड्याखालचं नीट दिसत नाही. त्याला फक्त खालच्या माणसाचे हात दिसतात, आणि त्या हातांच्या भरवशावर तो वीस टनांचं धूड लोकांच्या डोक्यांवरून नेतो. दोघांचं जमलंही तिथेच. ‘‘चार वर्षं मी नुसतं तिचं ऐकत होतो,’’ काका सांगायचे, ‘‘म्हटलं, लग्नच करून टाकू, आता वेगळं काय होणार आहे!’’ त्यावर काकू ठरलेलं उत्तर द्यायची, ‘‘लग्नानंतर त्याच्या निम्मं जरी ऐकलं असतं ना!’’

त्या घरात घड्याळ होतं, पण ठमीचे दिवस चालायचे ते बंदराच्या भोंग्यांवर. सकाळी दोन छोटे भोंगे ऐकू आले की बूट घालायचे आणि शाळेला पळायचं. संध्याकाळी एक लांब भोंगा झाला की गॅसवर चहाचं आधण ठेवायचं, कारण आता अर्ध्या तासात दोघं घरी येणार. काकू दारातूनच विचारायची, ‘‘ठेवलंस का गं?’’ आणि ठमीने नुकतंच ठेवलेलं असलं तरी ‘‘केव्हाच!’’ म्हणायचं. हे भोंगे कोण वाजवतं, का वाजवतं, असा प्रश्न तिला कधी पडला नाही. तिच्या लेखी ती बंदराची वेळ सांगायची रीत होती, आणि ती रीत ऐन वेळेवर चहा मिळवून देत होती.

गुडघे बोलायला लागले तसे काका शिडीवरून कायमचे खाली उतरले आणि केंद्रात शिकवायला लागले. तिथे ते मास्तर झाले. मोडीत निघालेल्या क्रेनमधली खरी खुर्ची, तिचे दोन दांडे आणि समोर मोठा पडदा, असा सिम्युलेटर तिथल्या प्रोग्रामरने काकांना बरोबर घेऊन बांधला. पडद्यावरच्या धक्क्यावर इशारे द्यायला माणूस हवा होता. प्रोग्रामरने काकूच्या मनगटांना, कोपरांना, खांद्यांना पांढऱ्या गोळ्या चिकटवल्या आणि दोन दिवस कॅमेऱ्यांसमोर धक्क्यावर तिच्याकडून सगळे इशारे करून घेतले, त्याच हालचाली पडद्यावरच्या आकृतीला द्यायला. ‘‘मला काय बटणं लावताय का?’’ म्हणून काकू हसत सुटली होती. पण एकदा काका त्यांच्या जुन्या क्रेनमध्ये वर चढून बसले, तशी ती कॅमेरे विसरली. पुढे पंधरा वर्षं प्रत्येक तुकडी पडद्यावरच्या काकूचे हात बघत शिकली.

वर्षापूर्वी काका म्हणाले होते, ‘‘ठमे, त्या मशीनची एक कॉपी काढून ठेव गं.’’ ती पाच रविवार टाळून सहाव्या रविवारी गेली आणि अख्खी डिस्क उतरवून आणली. कॉपी झाली म्हणजे वाचलं, असं ती धरून चालली; ती कॉपी चालवून पाहिलीच नाही. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर तिने त्याला सोलून काढलं असतं. गेल्या महिन्यात त्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड गेला, तसला मिळेना, आणि केंद्रात नवाकोरा सिम्युलेटर येऊन दाखल झाला. केंद्राचे प्रमुख काकांचेच विद्यार्थी. ते म्हणाले, ‘‘मास्तर, शुक्रवारी दुपारी भंगारवाला येतोय. तोवर जुनं चालू झालं तर एका कोपऱ्यात राहू दे, माझी ना नाही. पण बंद खुर्ची ठेवून घ्यायला मी वर काय सांगू?’’

म्हणून बुधवारी सकाळी ठमी नवा कॉम्प्युटर काखेत मारून त्या खोलीत हजर झाली. पाठोपाठ चहाचा थर्मास घेऊन काका.

‘‘यावर लिनक्स आहे,’’ तिने सांगितलं. ‘‘जुनं विंडोज या नव्या मशीनवर बसायला तयार नाही. म्हणून याच्या आत एक खोटा कॉम्प्युटर तयार करायचा आणि तुमची जुनी डिस्क त्यात चालवायची. बाहेरचा यजमान, आतला पाहुणा. आमच्याकडे असंच म्हणतात.’’

‘‘आणि पाहुण्याला कळत नाही, आपण दुसऱ्याच्या घरात आहोत ते?’’

‘‘नाही कळत.’’

‘‘सुखी आहे,’’ काका म्हणाले.

पाहुणा अर्ध्या तासात उठून बसला. जुन्या विंडोजचं ते निळं-हिरवं चित्र बघून ठमीला कॉलेजचे दिवस आठवले. पण सिम्युलेटर सुरू केला तर त्याने ग्राफिक्स कार्ड सापडत नसल्याची पाटी दाखवली आणि मिटून घेतलं. ते बरोबरच होतं. खोट्या कॉम्प्युटरला खोटंच कार्ड मिळालेलं. त्यावर अक्षरं उमटतात, अख्खं बंदर उभं राहत नाही. आता मेलेल्या कॉम्प्युटरमधलं खरं कार्ड काढायचं, नव्यात बसवायचं आणि ते थेट पाहुण्याच्या हवाली करायचं. यजमानाने स्वतःपुरतं मदरबोर्डवरच्या साध्या चिपवर भागवायचं.

‘‘म्हणजे पाहुण्याला वेगळं ताट,’’ काका म्हणाले.

‘‘ताट नाही काका, अख्खं स्वयंपाकघर. आणि आपण तिकडे फिरकायचंसुद्धा नाही.’’

कार्डावर पंधरा वर्षांची धूळ होती. ती ब्रशने झाडताना तिला खोकल्याची उबळ आली आणि काकांनी लगेच चहा पुढे केला. कार्ड बसलं. पण या मशीनमध्ये सगळे भाग गटागटाने बांधलेले असतात. गटातलं एकच उचलून पाहुण्याला देता येत नाही, द्यायचा तर गट अख्खा. आणि कार्ड ज्या खाचेत बसलं होतं तिच्या गटात डिस्कची चिपही होती. ती दिली असती तर यजमानच घराबाहेर पडला असता. तिने कार्ड खालच्या खाचेत हलवलं. तिथे त्याच्या गटात त्याचाच आवाजाचा भाग तेवढा उरला. ‘‘आवाज कशाला हवाय मेला,’’ ती पुटपुटली, पण नियम तो नियम, म्हणून तोही देऊन टाकला.

एवढ्या वेळात काकांनी सात वेळा ‘‘झालं का?’’ विचारलं होतं. आठव्यांदा ते ‘‘पंखा उलटा फिरतोय का बघ,’’ म्हणाले, तेव्हा ठमीने हात जोडले. ‘‘काका, बाहेर बाकावर बसा. काकू चालायला-हलायला लागली की मी हाक मारते. तोवर आत यायचं नाही, शपथ आहे तुम्हाला.’’ काका थर्मास घेऊन गपचूप बाहेर जाऊन बसले. त्यांना घालवून दिल्याचं तिला वाईट वाटलं, पण अर्धवट काहीतरी दाखवून त्यांचा जीव टांगणीला लावायचा नव्हता.

गुरुवार यजमानाची सवय मोडण्यात गेला. मशीन सुरू झालं की लिनक्स पहिल्या झटक्यात कार्डावर हात ठेवायचं, आणि मग पाहुण्याला द्यायला काही शिल्लक राहायचं नाही. ठमीने कार्डाचा नंबर फाइलीत घालून सुरुवातीलाच सांगून ठेवलं, की या नंबराचं जे असेल ते तुझं नाही, शिवू नकोस. चौथ्या खेपेला ते ऐकलं गेलं. तरीही मोठा पडदा काळाच. ठमीने सगळ्या नोंदी चाळल्या, इंटरनेटवरचे चर्चेचे मंच धुंडाळले, परदेशातल्या कुणा अनोळखी माणसाशी दोन तास वाद घातला. संध्याकाळी झाडूवाल्या मावशी आल्या, त्यांनी मशीनच्या मागे झाडू घातला आणि म्हणाल्या, ‘‘ताई, ही तार त्या पंख्यावाल्या पट्टीत असायची आधीच्या मशीनला.’’ पडद्याची केबल मदरबोर्डाला लावलेली होती, कार्डाला नाहीच. दोनशे सर्व्हर सांभाळणाऱ्या बाईने कपाळावर हात मारून घेतला आणि मावशींना थर्मासमधला शेवटचा कप देऊन टाकला.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता पडद्यावर बंदर उभं राहिलं.

ठमी खुर्चीत बसली होती. समोर तो जुना धक्का, जो आता कुठेच नाही: लाल पत्र्याचं गोदाम, गंजलेले खुंट, वाकडा दिव्याचा खांब. शाळा सुटल्यावर कुंपणाबाहेर उभं राहून ती ज्या खांबाला दगड मारायची तो हाच. समुद्र रंगवलेला, सपाट, त्या काळच्या कार्डाला झेपेल तेवढा. आणि धक्क्याच्या मधोमध नारिंगी जाकीट घातलेली, पाय किंचित फाकवून, मान वर करून उभी असलेली काकू. चेहरा म्हणजे चार रंगांचे ठोकळे. पण ती उभी राहायची ती तशीच. रेशनच्या रांगेतही तशीच. ठमीच्या तोंडून ‘‘काकू’’ असं मोठ्याने निघालं.

काकू हलली नाही. ठमीने दांडा ओढला. आकडा जागचा हलला नाही. दुसरा ढकलला, दांड्यांवरची सगळी बटणं दाबली. काहीच नाही. चित्र गोठलं होतं.

मग सुरू झालं ते तीन तास चाललं. खुर्चीची वायर पाहुण्याकडे पोचतेय का? पोचत होती. प्रोसेसर? त्याचा एक भाग शंभर टक्के राबत होता, अडकलेला प्रोग्राम राबतो तसा. काही कार्डं पाहुण्याच्या हातून एकदा सुटली की धड जागी होत नाहीत, हे तिला ठाऊक होतं; म्हणून दर वेळी अख्खं मशीन बंद करून, वायर काढून, पुन्हा पहिल्यापासून. ड्रायव्हर बदलला. त्याच्या आधीचाही लावून पाहिला. अकरा वेळा बंदर उभं राहिलं, अकरा वेळा काकू तशीच मान वर करून उभी, आणि अकरा वेळा ठमीने तिला स्वतःच्या हाताने बंद केलं. शेवटच्या तीन वेळा बंद करताना तिला पडद्याकडे बघवेना.

बाहेरून ‘‘झालं का?’’ आलं नव्हतं. काकांनी शपथ पाळली होती, आणि त्याचाच तिला जास्त त्रास होत होता.

सव्वा वाजता अंगणात टेम्पो मागे येण्याचा आवाज झाला. दोन माणसं पाना आणि करवत घेऊन उतरली. मागून प्रमुख आले, दारात घुटमळले आणि ठमीकडे बघत राहिले. ठमी उठली. पडद्यावर बारावी खेप तशीच उभी होती. ती बाहेर बाकाजवळ गेली आणि जे दीड वर्ष साठलं होतं ते सगळं एकदम बाहेर पडलं.

‘‘नाही जमलं काका. चित्र येतंय, पण गोठलेलं. माझंच चुकलं. तेव्हाच नीट करून ठेवायला हवं होतं, मी नुसती पाट्या टाकून गेले.’’

काका उठून उभे राहिले. ‘‘चित्र येतंय?’’

‘‘येतंय, पण…’’

‘‘ती दिसतेय?’’

‘‘दिसतेय हो, पण हलत नाही. सकाळपासून बघतेय मी. नुसती उभी आहे.’’

‘‘वर बघत?’’

‘‘हो.’’

काका तिच्याकडे असे बघायला लागले की तिला एकदम सातवीतलं गणित चुकल्यासारखं वाटलं. ‘‘मग हलेल कशाला ती?’’ ते म्हणाले. ‘‘तू बसलीस हे सांगितलंस का तिला?’’

ते आत आले. पडद्यासमोर क्षणभर थांबले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग खुर्चीत बसले. त्यांचा डावा पाय आपसूक खालच्या लोखंडी पट्टीवर गेला. ठमीने तीन दिवस ती पट्टी पाय टेकवायची जागा म्हणून वापरली होती. काकांनी टाच रोवून ती दोनदा दाबली.

पडद्याच्या स्पीकरमधून दोन छोटे भोंगे वाजले.

ठमीच्या पायांना बूट घालायची घाई झाली. सत्तावीस वर्षांपूर्वीची सकाळ त्या खोलीत जशीच्या तशी येऊन उभी राहिली. ते भोंगे बंदराचे नव्हतेच. ते काकांचे होते: मी वर पोचलो, बसलो, आता तू सांग.

काकूने डावा हात वर केला. ती डावखुरी होती. पुस्तकात उजवा हात सांगितला होता आणि तिने तो कधी मानला नाही. हात वर गेला, बोट गोल फिरलं: उचल. काकांनी दांडा ओढला आणि आकडा सुरसुरत वर निघाला.

‘‘वरच्या माणसाने कळवल्याशिवाय खालचा हात उचलत नाही,’’ काका पडद्यावरची नजर न काढता सांगत होते. ‘‘आणि खालच्याने हात उचलल्याशिवाय दांडे चालत नाहीत. मीच बसवून घेतलं होतं तसं, पोरांना शिस्त लागावी म्हणून. तू अडकली म्हणालीस. अडकली कसली, वाट बघत होती.’’

अकरा वेळा, ठमीच्या मनात येत होतं, अकरा वेळा मी तिला वाट बघता बघता बंद केलं. ती रडत होती आणि तिला ते लपवायचं नव्हतं.

तीन पेट्या उतरवायच्या होत्या. पहिली पेटी काकांनी जरा वाकडी टेकवली, दुसरी सरळ. तिसरी धक्क्याच्या दोन बोटं वर आली तेव्हा काकूने पंजा खाली करून हळू, हळू, असा हवेवर हात फिरवला. गरम दुधावर फुंकर घालताना ती ठमीच्या पाठीवरून फिरवायची तसाच. पेटी टेकली. दारात भंगारवाल्याची माणसं कधीची येऊन उभी होती. प्रमुखांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना मागे वळवलं. ‘‘हे राहणार,’’ ते म्हणाले. ‘‘आधी यावर, मग नव्यावर. मास्तर, आम्हीही भोंगा विसरून पहिल्या दिवशी शिव्या खाल्ल्या होत्या तुमच्या.’’

काकांनी पट्टी दाबली आणि दाबून धरली. लांब भोंगा खोलीभर झाला. ठमीचा हात नकळत थर्मासकडे गेला.

पडद्यावर काकूने हात खाली घेतले. काम संपलं होतं. पण चित्र संपलं नाही. काकूने डावा हात कपाळाशी नेऊन डोळ्यांवर सावली धरली आणि वर बघत राहिली, थेट खुर्चीकडे.

‘‘हे काय?’’ ठमीने विचारलं.

‘‘हे कुणी सांगितलं नव्हतं तिला. शूटिंगच्या दुसऱ्या दिवशी काम संपलं असं तिला वाटलं, आणि तो प्रोग्रामर कॅमेरे बंद करायचं विसरला. मी वर होतो ना क्रेनमध्ये. मी एकशे बेचाळीस पायऱ्या उतरून पाय जमिनीला लावीपर्यंत ती तिथून हलायची नाही. रोजच. त्याने विचारलं, हे कापू का? म्हटलं, राहू दे.’’ त्यांनी खुर्चीच्या बैठकीवर थाप मारली. ‘‘याच्या खाली बटण आहे. माणूस उठला की संपतं. उठेपर्यंत बघत राहते ती.’’

कुणी उठलं नाही. ठमीच्या डोक्यात तिचा धंदा जागा झाला. साधा पाहुणा असता तर तिने तो आहे त्या क्षणी गोठवून डिस्कवर ठेवला असता, हवा तेव्हा तिथूनच उघडायला. पण आत खरं कार्ड होतं, आणि खरं कार्ड आत असलं की तसं ठेवता येत नाही. दर वेळी पहिल्यापासून सुरू करायचं आणि दर वेळी संपवायचं. काकांना देण्यासारखं तिच्याकडे एवढंच होतं.

‘‘बसा हवं तेवढं,’’ ती म्हणाली. ‘‘मशीनला काही होत नाही.’’

काका बसले. चहा निवला. काकू डोळ्यांवर हात धरून बघत होती, पडद्यावरच्या त्या सपाट, न सरणाऱ्या दुपारी.

बऱ्याच वेळाने काकांनी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवले.

‘‘नको,’’ ते म्हणाले. ‘‘उन्हात उभी आहे गं ती.’’

आणि ते उठले.